पाणपिसवांचं वर्ष

पाणी जिभेनं बघायचं असतं, असं म्हटलं की त्सुनेयोची नात तोंड वाकडं करते. तिच्याकडे पेनासारखं एक यंत्र आहे. ते तळ्यात बुडवलं की आकडा दिसतो. माशांच्या पिल्लांचं खाणंही आता डब्यात मिळतं, कोरडं, पिठासारखं. चिमूटभर टाकलं की काम झालं. ऐंशीच्या पुढच्या बाईचं कोण ऐकतं? पण वसंतातली उन्हं तापू लागली आणि शेतांवरून कोंबडखताचा वास आला, की म्हातारीचा पाय घरात ठरत नाही. काठी टेकत ती तळ्याशी जाते, कुणी बघत नाहीसं पाहून बोट बुडवते आणि जिभेला लावते. त्या वेळी तिला वादळानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. आणि खरं सांगायचं तर, इतकं दुःखाचं वर्ष असूनही ते तिला हवंहवंसं वाटतं.

वादळ आलं ते सप्टेंबरअखेर. किसो नदीच्या मुखाशी, समुद्राला मागे रेटून काढलेल्या जमिनीवर ओकिशिन्देन हे गाव बसलेलं. बांध फुटला आणि समुद्र आपली जागा परत घ्यायला आला. दोन महिने पाणी हटलं नाही. चाळीस घरांची सोनमाशांची तळी खाऱ्या पाण्याखाली गेली. त्सुनेयोचा नवरा एइसाकु त्यातच गेला. पहिलं घमेलं त्यानं माळ्यावर चढवलं होतं; त्यात पिढ्यानपिढ्या जपलेल्या वाणाचे सात मोठे मासे होते. दुसरं घमेलं आणायला तो तळ्याकाठच्या खोपटाकडे गेला तो परत आला नाही. माळ्यावर उरले त्सुनेयो, तिची पंधरा वर्षांची मिसाओ, सासरा तोकुझो आणि ते सात मासे.

शंभराव्या दिवसाच्या विधीला त्सुनेयोचा थोरला भाऊ किहेइ आला. तो वर नदीकाठी राहायचा, तिकडे पाणी चढलंच नव्हतं. उदबत्ती लावून झाल्यावर तो तोकुझोसमोर गुडघे टेकून बसला.

"काका, बहिणीला घेऊन जातो. पोरीला सूतगिरणीत लावू. इथं आता काय राहिलंय?"

तोकुझो सत्तरीचा, बुटका, एकमार्गी माणूस. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "मासे राहिलेत. एक वीण बघू दे. पिल्लं जगली तर या दोघी राहतील. नाही जगली तर ने तू."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जातोय?"

दोघांनी असं परस्पर ठरवून टाकलं. त्सुनेयो शेजारी बसून मुळा किसत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिला जायचं नव्हतं. अठराव्या वर्षी ती या घरात आली, वीस वर्षं तिनं या तळ्यांचा गाळ तुडवला. माहेरच्या भातशेतात तिला आता करमणार नव्हतं. आणि म्हातारा एकटा राहिला तर चूलही पेटवणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सोनमाशाचं पिल्लू म्हणजे पापणीचा केस. अंड्यातून निघालं की दोन-तीन दिवस पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतं. पिशवी संपली की त्याला जिवंत, हलणारं खाणं लागतं, आणि ते लागतं तेव्हाच लागतं. ते खाणं म्हणजे पाणपिसवा. टाचणीच्या टोकाएवढे जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारणारे. त्यांना आधी हिरवं पाणी हवं, पाण्याला चांगलं कुजलेलं खत हवं, वर ऊन हवं. आणि मीठ म्हणाल तर कणभर नको. मासा थोडं मीठ सोसतो, पाणपिसू सोसत नाही. म्हणून सगळं येऊन पाण्यावर ठेपत होतं.

मार्चमध्ये तोकुझोनं सात तळ्यांतलं सगळ्यात लहान तळं निवडलं. त्यातला खारा गाळ तिघांनी टोपल्यांनी उपसून बांधाबाहेर टाकला. बर्फासारखा थंड गाळ, गुडघ्यापर्यंत. त्सुनेयोच्या हातापायांना भेगा पडल्या. मग कालव्यावर पायरहाट बसवला. दांड्याला धरून उभं राहायचं आणि चाकाच्या पाट्या एकामागून एक पायांनी दाबत राहायचं. चाक फिरतं, पाणी वर चढतं. तळं भरायचं, दोन दिवस ठेवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. असं तीनदा केलं.

चौथ्यांदा भरल्यावर तोकुझोनं बांबूचं ओगराळं तळ्यात बुडवलं, घोटभर पाणी तोंडात खेळवलं आणि थुंकलं.

"गोडं झालं. घाला खत."

पाणी चाखायचं काम घरात एकाच माणसाचं असे. घरधनी चाखणार, बाकीच्यांनी ऐकायचं. दोन जिभा झाल्या की दोन मतं होतात, आणि दोन मतांत तळं मरतं, असं तिथले लोक मानत. एइसाकु चाळिशीला आला तरी त्यानं बापाच्या हयातीत ओगराळं तोंडाला लावलं नव्हतं. बायकांचा तर प्रश्नच नव्हता.

खत सहा आठवडे खड्ड्यात मुरत ठेवलेलं होतं. कोंबडखत, पेंढा, भाताचा कोंडा, सोयाबीनचा चोथा. वास असा की मिसाओ नाकाला फडकं बांधून फिरायची. पोत्यांत भरून ते तळ्याच्या चार कोपऱ्यांत सोडलं. देवळाच्या दगडी कुंडात हिरवंगार पाणी होतं. विरजण लावावं तसं त्यातलं दोन बादल्या पाणी आणून ओतलं. आता पाणी हिरवं व्हायचं, आणि तळाशी उरलेल्या गाळात झोपलेल्या पाणपिसवांची अंडी जागी व्हायची.

एप्रिलच्या मध्याला पाण्याकाठच्या वाळुंज झाडाची झुबकेदार मुळं माशांच्या रांजणात सोडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माद्यांनी त्यांवर अंडी चिकटवली. तोकुझो रांजणाशी बसून हसला. वादळानंतर तो हसलेला त्सुनेयोनं पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवसांत तिला एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा. रोज सकाळी मिसोची, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनची, आमटी वाढली की पहिल्याच घोटाला म्हातारा म्हणायचा, "अळणी." मग बरणी ओढून मीठ घालायचा, ढवळायचा, पुन्हा घालायचा. सासूला जाऊन काही वर्षं झाली होती; ती होती तोवर असं कधी झालं नव्हतं. आता रोजचंच झालं होतं.

"माझ्या हातालाच चव नाही," ती मिसाओला म्हणायची.

"मला तर खारट लागते."

"तू गप्प बस. आजोबांना लागेल तसं करायचं."

ती मिसो वाढवत गेली. म्हातारा अळणी म्हणत गेला.

इकडे तळ्याचं पाणी हिरवं काही होईना. चहाच्या कोवळ्या पानासारखा रंग यायला हवा होता. आला तो भांडी विसळल्यासारखा, मळकट पिवळा. सकाळी सकाळी पाणपिसवा वर येतात तेव्हा पाण्यावर तांबूस धूळ उडतेय असं दिसतं. त्सुनेयो रोज उजाडताच जाऊन बघायची. धूळ नव्हती. पांढऱ्या बशीत पाणी घेतलं की दोन-तीन पिसवा दिसायच्या, त्याही पाठीवर काळा डाग घेऊन. पाणी मानवलं नाही की पिसू पिल्लं घालायचं सोडून तशी काळी, टणक अंडी धरते.

"मामंजी, डाग धरलाय पिसवांनी."

"थंडी आहे अजून. ऊन पडू दे."

"पाणी..."

"पाणी गोडं आहे. मी रोज बघतोय ना?"

शेजारचा गेम्पाची बांधावर बसून बिडी ओढायचा. त्याचे सगळे मासे गेले होते. तळी बुजवून तो गोदीत कामाला जायच्या विचारात होता. जीभ मात्र तिखट.

"तोकुझोकाका, पिल्लांना जेवायला कुणी बोलावलंय की नाही? का लग्नपत्रिका छापून मंडप रिकामा?"

"तुझी तळी बुजव आधी, मग माझ्यात डोकाव."

"बुजवतो की. तुमचीही बुजवू का बरोबर? हात लागलाच आहे."

मुळांसकट टाक्यात हलवलेली अंडी सहाव्या दिवशी फुटली. पिल्लं लाकडी टाक्याच्या कडेला केसांसारखी चिकटून राहिली. तिसऱ्या दिवशी सुटून पोहायला लागली, आणि खाणं नव्हतं. तोकुझोनं कोंबडीची अंडी उकडून घेतली. पिवळा बलक फडक्यातून पिळून पाण्यात सोडायचा, हा नाइलाजाचा उपाय. दोन दिवस निभावतो, तिसऱ्या दिवशी पाणी नासतं. पाणी नासलं. पिल्लांची डोकी मोठी दिसायला लागली, पोटं काचेसारखी रिकामी. मग ती तळाशी बसायला लागली. पाचव्या दिवशी त्सुनेयोनं जाळी फिरवली तेव्हा जाळीला राखाडी साय लागली, तेवढंच. हजारो पिल्लांची ओंजळभर साय झाली होती.

वाळुंजाची जुनी मुळं तोकुझोनं उन्हात टाकली, नवी कापायला घेतली. माद्या आणखी एकदाच अंडी देणार होत्या. फार तर तीन आठवड्यांनी.

जाळी धुवायला त्सुनेयो लहान तळ्यात उतरली. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि टाचेच्या भेगा चुरचुरल्या. ती थांबली. आणखी दोन पावलं आत गेली; चुरचुर वाढली. कालव्याच्या पाण्यात तिचे पाय असे कधी चुरचुरत नव्हते. तिनं मागं वळून घराकडे पाहिलं. म्हातारा दिसत नव्हता. कोपरापर्यंत हात घालून तिनं तळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि जिभेला लावलं.

खारं होतं. वरचं जेमतेम, पण तळाचं चांगलंच खारं.

ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. म्हाताऱ्यानं याच तळ्याचं पाणी आज सकाळी तोंडात खेळवलं होतं आणि गोडं म्हटलं होतं. आणि आज सकाळीच आमटीत तीन वेळा मीठ घातलं होतं. महिनोन् महिने ती आपल्या हाताला दोष देत होती.

आता हे सांगायचं कसं? सासऱ्याला म्हणायचं, की तुमची जीभ गेली? सुनेनं, आणि तेही चोरून पाणी चाखून? दोन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं म्हाताऱ्याच्या वाडग्यात मूठभर मीठ टाकलं, आमटी ओतली आणि समोर ठेवली. तिला वाटत होतं, आता हा थुंकणार, वाडगा फेकणार, आणि मग आपली शंका खोटी ठरेल. शंका खोटी ठरावी असंच तिला वाटत होतं.

तोकुझो एक घोट प्यायला. दुसरा प्यायला.

"आज जरा बरी झालीय," तो म्हणाला. "पण मीठ कमीच."

त्यानं बरणी घ्यायला वाडगा बाजूला ठेवला, आणि मिसाओनं आपला समजून तो उचलला. एक घोट घेतला आणि चटईवरच फुर्रकन उडवला.

"ई! आजोबा, हे समुद्राचं पाणी आहे! तुम्ही प्यायलात कसं?"

तोकुझोनं पोरीकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्सुनेयोनं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं बरणीतलं चिमूटभर मीठ घेतलं, जिभेवर ठेवलं. थांबला. मग मूठ भरली आणि तोंडात कोंबली. चावत राहिला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा जराही आक्रसला नाही. वाळू चावावी तसा तो ते मीठ चावत होता, आणि दोघी मायलेकी बघत होत्या. इतकी वर्षं झाली, त्सुनेयोला आजही वाटतं की एकांतात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तो उठून बाहेर गेला. दिवसभर जेवायला आला नाही. बांधावर पाठमोरा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणातून हाक आली. "सूनबाई."

ती गेली. त्यानं ओगराळं पुढं केलं, दुसरीकडे बघत.

"चाख."

"मामंजी, मी..."

"चाख म्हणतोय ना."

तिनं चाखलं. "खारं आहे."

"वरचं का तळाचं?"

"तळाचं जास्त."

"हं. म्हणजे मातीतून वर येतंय. खारं पाणी जड, ते खाली बसतं. आपण वरचंच सोडत राहिलो. मोरी खालून फोडायला हवी." मग तो म्हणाला, "आणि कालव्याचं?"

कालव्याचं पाणीही तिनं चाखलं. बांधाचा दरवाजा वादळात मोडला होता. भरतीला कालव्यात समुद्र चढत होता, ओहोटीला नदी उतरत होती. चारही वेळा तळं भरलं ते भरतीचंच पाणी उचलून. भरतीला पाणी वर असतं, रहाट हलका जातो म्हणून. आणि म्हातारा त्यालाच रोज गोडं म्हणत आला होता.

मग सुरू झालं ते काम. ओहोटीला पाणी खाली जातं, रहाट जड होतो. तोकुझो एका बाजूला, मिसाओ दुसऱ्या बाजूला. त्सुनेयो कालव्याच्या पायरीवर ओगराळं घेऊन बसायची. पाणी उतरत यायचं, ती दर थोड्या वेळानं चाखायची आणि ओरडायची, "गोडं!" की दोघांचे पाय सुरू. दोन-तीन तासांनी भरती फिरायची, जिभेच्या टोकाला बारीक कळायचं, आणि ती ओरडायची, "बस!" मग कधी ती रहाटावर, मिसाओ पायरीवर. मिसाओलाही चव कळायला लागली. घरात एकाच्या दोन जिभा झाल्या आणि कुणाला काही वाटलं नाही.

"पाय उचला आजोबा, झोपलात का?"

"तुझ्या वयात मी एकटा चालवायचो हे चाक."

"तेव्हा चाक लहान असेल."

"तेव्हा नाती गप्प असायच्या."

म्हाताऱ्याच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरासारख्या फुगायच्या. दुपारी तिघं बांधावर बसून भाताचे गोळे खायची, आत खारवलेलं आलुबुखार. म्हातारा आता मीठ मागत नव्हता. वारा समुद्राकडून यायचा, वेळूच्या बनात पाखरं ओरडायची. वीस वर्षांत सासऱ्याशी त्सुनेयो एवढं बोलली नव्हती. पाणी कुठल्या रंगावर असलं की कुठलं खत, पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले की काय, हिरवं पाणी एका रात्रीत निवळलं म्हणजे पिसवांनी ते फस्त केलं असं का समजायचं, हे सगळं तो रहाटावर पाय चालवता चालवता सांगायचा. मुलाला त्यानं हे असं कधी सांगितलं नव्हतं. तिला त्या दिवसांत आनंद व्हायचा. नवरा जाऊन आठ महिने झाले नव्हते आणि तिला सकाळी उठून रहाटावर जायची ओढ लागायची. याची तिला लाज वाटायची, तरी ओढ लागायचीच.

नऊ दिवस रहाट चालला. मोरी खालून फोडून तळाचं पाणी पाच वेळा काढलं. दहाव्या दिवशी त्सुनेयोनं तळात हात घालून पाणी घेतलं, तोंडात धरून ठेवलं.

"गोडं."

"नक्की?"

"नक्की मामंजी."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

नवं खत घातलं, कुंडातलं हिरवं पाणी घातलं. पण पाणपिसवांचं बी तर गाळाबरोबर बांधाबाहेर फेकलं गेलं होतं, आणि जे होतं ते मिठानं गेलं. बी आणायला हवं होतं, आणि ते गोड्या गावातच मिळणार. गेम्पाचीनं न विचारता सायकल आणून दारात उभी केली.

"घ्या वहिनी. मला काय, गोदीत चालतच जायचंय."

माहेरी किहेइच्या रोपवाटिकेच्या चरात पाणपिसवांचा नुसता बुजबुजाट होता. त्सुनेयो पदर खोचल्यासारखा किमोनोचा घेर खोचून चरात उतरली आणि रेशमी जाळी फिरवू लागली. किहेइ काठावर उभा.

"माहेराला आलीस ती ही धूळ न्यायला? मला वाटलं, गाठोडं घेऊन आलीस."

"पिल्लं मेली तर येईन दादा."

"आणि जगली तर?"

"तर नाही येणार."

"तुला राहायचंय का तिथं? त्या म्हाताऱ्याजवळ?"

तिला हा प्रश्न कुणीतरी पहिल्यांदाच विचारला होता. "हो," ती म्हणाली. किहेइनं पायातल्या चपला काढल्या आणि तोही चरात उतरला. बादलीत दाटी झाली तर पिसवा गुदमरतात म्हणून त्यानं आपल्या दोन बादल्या आणखी दिल्या. एक सायकलच्या मागं आणि दोन कावडीला लावून तो स्वतः सात मैल तिच्याबरोबर चालत आला.

पिसवा तळ्यात सोडल्या, आणि सहा दिवसांनी पाणी चहाच्या कोवळ्या पानाच्या रंगावर आलं. त्याच सुमाराला माद्यांनी दुसऱ्यांदा अंडी दिली. ती फुटेपर्यंत त्सुनेयोला अन्न गोड लागलं नाही. आणि पिल्लं टाक्याच्या कडेवरून सुटली त्या दिवशी सकाळी मिसाओ अनवाणी धावत आली, "आई, धूळ! धूळ आलीय!"

तळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात, खताच्या पोत्याभोवती, तांबूस धूळ उडत होती. हातभर रुंद, जिवंत. तोकुझो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं जाळी अलगद फिरवली. उपडी केली तेव्हा मूठभर लाल, वळवळणारा ऐवज बादलीत पडला. मोठ्या पिसवा गाळून बारीक तेवढ्या टाक्यात सोडल्या. पिल्लं सुटून पोहत होती. एक थबकलं, मागं सरलं आणि झडप घातली. मग दुसरं. तासाभरात प्रत्येक पिल्लाच्या काचेसारख्या पोटात लाल ठिपका दिसू लागला. गेम्पाची पण येऊन वाकून बघत होता.

"आलं की वऱ्हाड," तो म्हणाला, आणि बाहीनं नाक पुसून निघून गेला. तळी त्यानं त्या वर्षी बुजवली नाहीत.

संध्याकाळी मिसाओ आंघोळीला गेली होती. तोकुझो पडवीत बसून जाळी सांधत होता. त्सुनेयो शेजारी तांदूळ निवडत होती. दोघंही दमलेली, समाधानात. दोरा दातांनी तोडून म्हातारा म्हणाला,

"वादळाच्या दिवशी अंगणात पाणी आलं, आठवतं?"

"आठवतं."

"मी पायरीवरून बोट बुडवून चाखलं. गोडं लागलं. म्हटलं, पावसानं कालवा तुंबलाय, समुद्र नाही. गुडघ्यावर चढायचं नाही. म्हणून एइसाकुला म्हटलं, जा, दुसरं घमेलं आण."

त्सुनेयोचे हात सुपात थांबले. तो तिच्याकडे बघत नव्हता. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होता आणि तो ओवला जात नव्हता.

"मला सांग, आमटी अळणी लागते असं मी केव्हापासून म्हणायला लागलो? वादळाच्या आधीपासून की नंतर?"

तिला सगळं आठवत होतं. मागल्या जूनमध्ये, पावसाळ्याची झड लागलेली असताना, म्हाताऱ्यानं पहिल्यांदा बरणी मागितली होती. ऑगस्टमध्ये पितरांच्या बोन सणाला तर त्यानं माशावर दोनदा सोय सॉस ओतला होता आणि एइसाकु हसत तिच्या कानात म्हणाला होता, "बाबांना आता समुद्रच पाजायला हवा." तिनं त्याला कोपरानं ढोसलं होतं. नवऱ्याचं ते हसणं तिला आता समोर दिसलं.

"नंतर," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की मामंजी. थंडीत. माळ्यावर ते घाण पाणी पिऊन ताप आला होता ना तुम्हाला, त्यानंतर. त्याआधी तुम्ही कधी माझ्या आमटीला नावं ठेवली नव्हती."

म्हाताऱ्यानं सुई आणि दोरा तिच्या हातात दिला. तिनं ओवून परत दिला.

"म्हणजे त्या दिवशी पाणी गोडंच होतं," तो म्हणाला.

"गोडंच होतं. समुद्र मागून आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमटी वाढली आणि सवयीनं मिठाची बरणी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं ती परत तिच्याकडे सरकवली. वाडगा दोन्ही हातांनी उचलून एक घोट घेतला.

"छान झालीय," तो म्हणाला.

त्यानंतर तोकुझो अकरा वर्षं जगला. रोज सकाळी आमटीचा पहिला घोट घेऊन तो छान झालीय म्हणायचा, आणि त्सुनेयो रोज मान खाली घालून म्हणायची, आणखी वाढू का?